वर्षभराच्या उपदेशांचं प्लॅनिंग: मराठवाड्यातल्या पाळकांनी रिट्रीट कशी करायची

रिट्रीट, म्हणजे रोजचं काम सोडून तीन-चार दिवस बाजूला जाऊन बसणं, कधी करायची हे आधी ठरवून घेऊ, कारण बरेच पाळक (चर्चचे पास्टर) तिथंच अडकतात. नवीन डायरी हातात आली की बसू म्हणतात, आणि डायरी येते डिसेंबरात, तेव्हा कॅरल, नाताळचे कार्यक्रम, गावोगावच्या सभा ह्यातून पाळकाला धड जेवायला वेळ मिळत नाही तर वर्षाचा विचार कुठून करणार. आपल्याकडं बरोबर टाइम म्हणजे पोळ्याच्या आगेमागे. खुरपणी-फवारणी उरकत आलेली असते, सोयाबीन अजून काढणीला लागलेलं नसतं, लग्नसराई नसते आणि ऊसतोडीला जाणारी माणसं अजून गावातच असतात. शिवाय चर्चचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, ते आगमनकाळाच्या (नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी सुरू होतं आणि यंदा तो रविवार २९ नोव्हेंबर २०२६ ला आलाय. (सीएनआयवाल्यांसाठी तर ही तारीख खासच, १९७० साली नागपूरला आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ह्याच तारखेला स्थापन झाली.) म्हणजे पोळ्याला बसलात तर हातात दोन-अडीच महिने राहतात.

दिवस किती, तर सोमवार दुपार ते गुरुवार दुपार पुरतात. रविवार बुडत नाही, शनिवार तयारीला मोकळा राहतो. चर्चचा कारभार बघणाऱ्या पॅस्टोरेट कमिटीला नीट सांगून जायचं की ही सुट्टी नाही, वर्षभर मंडळीला (चर्चच्या लोकांना) वचनातलं काय खाऊ घालायचं ते ठरवायला चाललोय. आधीच्या रविवारी चर्चमध्येच जाहीर करा आणि मंडळीला त्या चार दिवसांसाठी प्रार्थना करायला सांगा, लोकांना फार बरं वाटतं, आपल्यासाठी पाळकसाहेब काहीतरी मनावर घेऊन बसलेत हे त्यांना कळतं. मधे कुणी वारलं तर दफनविधीला कोण जाईल हे शेजारच्या पाळकाशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर पहिल्याच फोनला तुम्ही गाडीला किक मारून परत याल.

एकटं जावं का? मला विचाराल तर तिघंचौघं मिळून जा. एकट्या माणसाला दुसऱ्या दिवशी झोप येते आणि तिसऱ्या दिवशी घराची आठवण. तिघं असले की एकाला जुन्या कराराची आवड, एकाला गाणी येतात, एक जण हिशेबाचा पक्का असं काहीतरी जमून येतं. आणि खेड्यावरच्या पाळकाला मनातलं बोलायला दुसरा पाळक सहा-सहा महिने भेटत नाही हे पण खरंय. पण आठ-दहा जण नेऊ नका, ती मग मीटिंग होते, त्यात अध्यक्ष येतो, प्रस्तावना येते.

जागा साधी बघा. म्हैसमाळ (खुलताबादजवळचं थंड हवेचं ठिकाण) चांगलं, शनिवार-रविवार सोडून गेलात तर पावसाळ्यातही बऱ्यापैकी शांत असतं. नाहीतर जुन्या मिशन कंपाउंडमधली एखादी रिकामी खोली, कुणाच्या शेतातला आखाडा (शेतावरचं राहायचं ठिकाण), काही चालतं, फक्त तुमच्या मंडळीचं गाव नको आणि टीव्ही नको. जालन्याच्या बाजूला असाल तर एक अर्धा दिवस बेथेलला जाऊन या, रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं ते ख्रिस्ती गाव, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण माणूस जालन्यात येऊन राहिला आणि ज्यांना कुणी जवळ उभं करत नव्हतं त्या लोकांमध्ये त्यानं काम उभं केलं. आपण कुणाला उपदेश करतोय आणि तो इथपर्यंत कसा पोचला हे तिथं थोडं फिरलं तरी आठवतं.

जेवणाचं मोठं कौतुक करू नका. ज्वारीचं पीठ, डाळ, ठेचा, चहा-साखर सगळ्यांनी घरून थोडं थोडं आणायचं. सोबत काय न्यायचं तर बायबल (एकापेक्षा जास्त भाषांतरं असतील तर उत्तम), गेल्या वर्षीची डायरी, गीतांचं पुस्तक, मोठं भिंतीवरचं कॅलेंडर, पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, पेन्सिलच. लाइटचा भरवसा नाही म्हणून टॉर्च. मोबाइल दिवसातून एकदा, संध्याकाळी, बस्स.

जायच्या आधी करायचं काम

हे काम जो टाळतो त्याची रिट्रीट पुस्तकी होते असं माझं स्पष्ट मत आहे. जायच्या आधी दोन-तीन आठवडे मंडळीतल्या वेगवेगळ्या माणसांशी मुद्दाम जाऊन बोला. एक शेतकरी, एक ऊसतोडीच्या टोळीला जाणारं जोडपं, एक बारावीचा पोरगा किंवा पोरगी, एक विधवा बाई, एक जण जो हल्ली चर्चला येत नाही. त्यांना "कोणत्या विषयावर संदेश पाहिजे" असं विचारू नका, लोक लाजून "प्रेमावर सांगा साहेब" म्हणतात. विचारायचं की रात्री झोप कशानं लागत नाही. देवाला काय विचारावंसं वाटतं. मग खरं बाहेर येतं. "साहेब, अवंदा पण पाऊस असाच करायलाय, देवाला आमचंच शेत दिसतं का?" "पोराला दारूतून कसं सोडवू?" "आमच्या सासरचे लोक देवाला नवस करा म्हणतात, जायचं का नाही?" हे सगळं जसंच्या तसं वहीत लिहून घ्या, त्यांच्याच शब्दात, नाव न लिहिता.

आणि पाळकीणबाईंना विचारा. कोणाच्या घरात काय चाललंय हे पाळकाच्या आधी त्यांना माहीत असतं, बाया त्यांच्याजवळ मोकळं बोलतात. त्यांच्याशी एक संध्याकाळ बसल्याशिवाय जाऊ नका.

पहिली संध्याकाळ आणि मंगळवार

सोमवारी पोचल्यावर प्लॅनिंगला हात लावायचा नाही. जेवा, झोपा, सकाळी लवकर उठून एकमेकांसाठी प्रार्थना करा. पाळक सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवतो, त्याच्या डोक्यावर हात ठेवणारं कुणी नसतं, तर ते इथं होऊ द्या, घाई करू नका.

मंगळवारी सकाळी गेल्या वर्षीची डायरी उघडायची आणि कोणत्या रविवारी कोणत्या शास्त्रभागावर बोललो त्याची यादी काढायची. बायबलची ६६ पुस्तकं समोर लिहा आणि वापरलेल्या पुस्तकापुढं खूण करा. बहुतेकांचं चित्र सारखंच निघतं, स्तोत्रसंहिता भरपूर, शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची चार पुस्तकं) भरपूर, थोडं पौलाचं, आणि आमोस, हाग्गय, विलापगीत, याकोब ह्यांच्यापुढं कोरं. मग वहीतले प्रश्न शेजारी ठेवा. कर्ज, दारू, हुंडा, जमिनीचे वाद, भावकी, हे विषय आपण किती वेळा टाळले ते त्यात दिसतं. कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत, फक्त बघायचं आणि लिहायचं.

दोन कॅलेंडर एकावर एक

आता मंगळवार दुपारपासून खरं काम. भिंतीवर २०२७ चं कॅलेंडर लावा. २०२७ मध्ये ५२ रविवार आहेत. आधी चर्चचे दिवस भरून घ्या. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात) १० फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार २१ मार्च, उत्तम शुक्रवार २६ मार्च, ईस्टर २८ मार्च, पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) १६ मे, पुढचा आगमनकाळ २८ नोव्हेंबर. हे सगळे करतात.

मग दुसरं कॅलेंडर त्याच्यावर भरा, आणि ते तुमच्या गावाचं. मृग लागतो ७-८ जूनला, पेरण्या. सोयाबीन काढणी सप्टेंबर-ऑक्टोबर. कापूस वेचणी ऑक्टोबरपासून पुढं. ज्वारी-हरभऱ्याची सुगी फेब्रुवारी-मार्च. दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चच. १४ एप्रिल, बाबासाहेबांची जयंती, आपल्या कित्येक मंडळ्यांत घराघरातली माणसं त्यात असतात, त्या आठवड्यातला उपदेश त्याची दखल न घेता होऊ नये. १७ सप्टेंबर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. लातूर-धाराशिवकडं असाल तर वेळ अमावस्या, अख्खं गाव शेतात असतं. किल्लारीच्या भागात ३० सप्टेंबर, १९९३ च्या भूकंपाची तारीख, तिथल्या घरांमध्ये अजून त्या दिवशी फोटोला हार घालतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऊसतोड. बीड जिल्ह्यातल्या आणि आजूबाजूच्या मंडळ्यांचं वर्ष ह्याच्यावर चालतं. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघायल्या, मुकादमाची उचल घेतलेली असते, पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर कोपी (झोपडी) करून राहायचं, ते परत येणार मार्च-एप्रिलात. आता कॅलेंडरवर बघा, आगमनकाळ, नाताळ, नवीन वर्ष, उपवासकाळ, ह्या सगळ्यात तुमची निम्मी मंडळी गावात नाही! आपण आपले सगळ्यात तयारीचे संदेश नेमके त्याच दिवसात देतो, म्हाताऱ्या माणसांसमोर आणि आजीजवळ ठेवलेल्या पोरांसमोर. ही एवढी एक गोष्ट ज्याच्या लक्षात आली त्याचं वर्षाचं प्लॅनिंग बदलून जातं.

मग करायचं काय? टोळ्या निघायच्या आधीचा एक रविवार त्यांना निरोप द्यायचा म्हणून पक्का करा, ऑक्टोबरमध्ये, त्या दिवशी कोयत्याला जाणाऱ्या प्रत्येक जोडप्यासाठी नाव घेऊन प्रार्थना. मागं राहणाऱ्या पोरांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी डिसेंबर-जानेवारीचे संदेश वेगळे, सोपे, गोष्टीचे ठेवा. कोपीवरच्या लोकांसाठी नाताळचा पाच मिनिटांचा ऑडिओ रेकॉर्ड करून पाठवायचा, रात्री ट्रॅक्टर-बैलगाडी भरून झाल्यावर ते ऐकतात, लांबलं तर कुणी ऐकणार नाही. पाळकाला जमलं तर एकदा कारखान्यावर जाऊनच यावं, त्याची तारीख पण आत्ताच टाका.

आणि ते परत येतात तेव्हा काय? ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस, २८ मार्च ते १६ मे, ह्यातच तुमची मंडळी पहिल्यांदा पूर्ण बसलेली असते. म्हणून पुनरुत्थानाचं सगळं एका ईस्टरच्या पहाटे संपवू नका, ते ह्या रविवारांवर पसरवा. माझी सूचना अशी की ११ एप्रिलपासून चार रविवार रूथचं पुस्तक घ्या, चारच अध्याय, एका रविवारी एक. दुष्काळ पडला म्हणून बेथलेहेम सोडून परमुलखात गेलेलं घर, तिकडं झालेले मृत्यू, रिकाम्या हातानं परत आलेली नामी, आणि ती परत येते तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झालेली असते. आपल्या माणसांना हे समजावून सांगायची गरजच पडत नाही, ते जगून आलेले असतात. यहुदी लोकांमध्ये पण रूथ वाचायची प्रथा सप्ताहांच्या सणाला, म्हणजे पेन्टेकॉस्टलाच आहे. फक्त एप्रिल-मेच्या उन्हात उपासना सकाळी लवकर आणि उपदेश पंधरा मिनिटांचा, पत्र्याखाली बसलेल्या माणसाला त्यापुढं काही ऐकू जात नाही.

नेमलेले पाठ घ्यायचे का आपले आपण निवडायचे

ह्याच्यावर रिट्रीटमध्ये वाद होणार, होऊ द्या. नेमलेल्या शास्त्रपाठांचं जे तीन वर्षांचं चक्र बऱ्याच चर्चेसमध्ये चालतं त्यात अ वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान, ब वर्षी मार्काचं, क वर्षी लूकाचं. २९ नोव्हेंबर २०२६ पासून ब वर्ष, मार्कचं. फायदा हा की पाळकाची आवडनिवड बाजूला राहते आणि जे वचन आपण स्वतःहून कधी घेतलं नसतं ते पण घ्यावं लागतं. तोटा हा की ते चक्र बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मृग नक्षत्र नव्हतं. पण २०२७ ला बघा काय जुळून आलंय, १३ जूनचा पाठ मार्क ४:२६-३४, म्हणजे शेतकरी बी टाकून रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही, आणि ऐन पेरणीत! पुढच्या रविवारी २० जूनला वादळ शांत करणं. पेरणाऱ्याचा दाखला मात्र मार्क ४ च्या सुरुवातीला असूनही ह्या वर्षाच्या रविवारच्या पाठांत नाही, तो अ वर्षात मत्तयातून येतो, तर तो ६ जूनला आपण घालून घ्यायचा आणि तीन रविवार सलग करायचे. ६ जूनला बियाणं चर्चमध्ये आणायला सांगा, पिशवीसकट, आणि त्यावर प्रार्थना करा.

पुढं २५ जुलै ते २२ ऑगस्ट पाच रविवार योहानाचा ६ वा अध्याय येतो, जीवनाची भाकर. पाच रविवार एकच विषय म्हणून पाळक कंटाळतात. मी म्हणेन तीन करा आणि दोन रविवार दुसऱ्या कुणाला द्या, त्यातला १५ ऑगस्ट तर रविवारीच आहे, सकाळी शाळेत झेंडावंदन, पोरं-टीचर सगळे तिकडं, उपासनेची वेळ आत्ताच बदलून ठेवा.

बुधवारी मार्क आख्खा एका बैठकीत मोठ्यानं वाचायचा, आळीपाळीनं, दीड-दोन तास लागतात. मधे चर्चा नाही. तुकडे तुकडे वाचायची आपल्याला इतकी सवय झालेली असते की येशू यरुशलेमकडं चाललाय हे अख्ख्या पुस्तकातलं ओझं जाणवतच नाही. वाचून झाल्यावर प्रत्येकानं एकटं बाहेर जाऊन बसायचं आणि वहीतल्या कोणत्या प्रश्नाशी कुठलं वचन बोलतंय ते लिहायचं. रेडिमेड संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर ढिगानं मिळतात, पण तो संदेश लिहिणाऱ्यानं तुमच्या मंडळीतल्या त्या बाईशी बोललेलं नसतं.

राखीव संदेश

हे लोक विसरतात. वर्षात काय काय होणार ते कॅलेंडरवर टाकता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जमिनी खरवडून गेल्या, गुरं वाहून गेली, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पाळकाला उभं राहायचंच होतं. त्याआधी दुष्काळ, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. दुबार पेरणी, गारपीट, गावात एखाद्या शेतकऱ्यानं जीव देणं, ऊसाच्या ट्रॉलीचा अपघात. अशा वेळी शनिवारी रात्री वचन शोधत बसलं की हाताला येतं ते गुळगुळीत बोलणं. म्हणून रिट्रीटमध्ये शांत असताना अशा पाच-सहा प्रसंगांसाठी शास्त्रभाग आणि मोजके मुद्दे लिहून वेगळ्या पाकिटात ठेवा. हबक्कूक ३:१७-१९, अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी. स्तोत्र ४६. योएल २. विलापगीत ३. लहान लेकराच्या दफनाला काय बोलायचं आणि त्याहून जास्त काय बोलायचं नाही, ते पण. "देवाची इच्छा" एवढं म्हणून मोकळं होऊ नये, हे चौघांनी मिळून बोलून घ्या.

तक्ता भरणे

गुरुवारी सकाळी तक्ता. एका आडव्या मोठ्या कागदावर रकाने पाडा: तारीख, चर्चचा दिवस, गावात काय चाललंय, शास्त्रभाग, एका वाक्यात मुद्दा, गीत, कोण बोलणार. ५२ पैकी ५२ भरू नका. महिला रविवार, तरुण संघाचा रविवार, सुगीचा सण, बिशपसाहेबांची भेट हे सोडा, दर तीन महिन्यांत एक रविवार कोरा ठेवा, चाळीसच्या आसपास भरले की पुष्कळ झालं. एका वाक्यातला मुद्दा लिहिता येत नसेल तर तो शास्त्रभाग अजून तुम्हाला कळलेला नाही, पुढं सरका आणि नंतर परत या.

"कोण बोलणार" हा रकाना फार गरजेचा आहे. उत्तम शुक्रवारचे सात उद्गार (येशूनं वधस्तंभावर काढलेले) सात जणांना जानेवारीतच वाटून द्या, त्यात दोन-तीन बाया आणि एखादा कॉलेजचा पोरगा असू द्या, त्यांना तयारीला वेळ मिळाला की फार चांगलं बोलतात. आणि डिसेंबर २०२७ बघून ठेवा, नाताळ शनिवारी आहे, लगेच २६ ला रविवार, ३१ ला शुक्रवारी वॉचनाईट (वर्ष सरतानाची रात्रीची उपासना), १ जानेवारी शनिवार, २ ला परत रविवार. २४ ची रात्र धरली तर दहा दिवसांत सहा वेळा उभं राहायचं. २६ ला उपदेश ठेवूच नका, शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या) पोरांना गाणी आणि वचनं म्हणू द्या.

ज्यांच्याकडं तीन-चार गावं आहेत त्यांनी प्रत्येक गावासाठी वेगळा तक्ता करत बसू नये. तोच शास्त्रभाग, तोच मुद्दा, फक्त "गावात काय चाललंय" हा रकाना गावानुसार बदला, कारण एका गावात ऊसतोड आहे आणि दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात सगळे वीटभट्टीवर. उदाहरण तिथूनच येईल.

निघायच्या आधी शेवटचं काम, मंडळीची यादी काढा आणि प्रत्येक घराचं नाव घेऊन प्रार्थना करा, चौघांनी एकमेकांच्या मंडळ्यांसाठी पण. वेळ लागतो, लागू द्या.

घरी आल्यावर तक्त्याच्या प्रती काढा, एक कमिटीच्या सेक्रेटरीकडं, एक गीतं बसवणाऱ्याकडं, एक शब्बाथ शाळेच्या टीचरकडं म्हणजे पोरांना पण तोच धडा जाईल, आणि एक पाळकीणबाईंच्या हातात, त्या पहिल्या पाच मिनिटांत दोन चुका दाखवतील त्या दुरुस्त करून घ्या. पहिल्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक संदेशाची फाइल आत्ताच उघडून ठेवा, म्हणजे पेपरातली बातमी, कुणाचं वाक्य, गीताची ओळ असं काही सापडलं की त्यात टाकता येतं. आणि मे अखेरीस, पेरणीच्या आधी, त्याच तिघाचौघांनी एक दिवस परत भेटायचं, तक्ता सोबत आणायचा, पाऊस कसा दिसतोय आणि कोण कोण परत आलंय ते बघून पुढचे सहा महिने पेन्सिलनं बदलायचे.